वैशाखातही हिरवी राहणारी छपरी

फुलझाडं लावा म्हणून विदर्भात कोणाला सांगावं लागत नाही. दसऱ्याला झेंडू, थंडीत शेवंती नि गुलाब घरोघरी असतोच. पण होळी झाली, की मोगरा आणि बोगनवेल सोडले तर आंगणात रंग उरत नाही. पाव्हण्यारावळ्यांचा, लग्नसराईचा काळ मात्र नेमका तोच. या दिवसांत घर हिरवं दिसायचं तर पानांचीच झाडं पाहिजेत, असं माझं मत झालं. त्या मतापायी छपरीत, न्हाणीमागे आणि सांदवाडीत, म्हणजे परसात, मी काय काय उभं केलं, ते इथे लिहिते आहे. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. वावरात कपाशी, तूर, सोयाबीन. घराला पाणी बोअरचं.

सुरुवातीला सासूबाईंनी विचारलं होतं, "कायले पायजेत वो हे नुसते पानं? ना फूल, ना फळ, देवाले वाहाले बी नाई."

मी म्हटलं, "आई, वैशाखात पाहू."

इकडच्या बायका नर्सरीतून हौसेने क्रोटन, डिफेनबॅकिया, अ‍ॅग्लोनिमा आणतात आणि पुढच्या मे महिन्यात कुंडी रिकामी होते. "आमच्याकडे ते टिकतच नाही" हे वाक्य मी इतक्या घरी ऐकलं, की त्यामागचं कारण शोधावंसं वाटलं. तालुक्याच्या नर्सरीत पावसाळ्याच्या तोंडावर झाडांचे ट्रक उतरतात. त्यातला बराच माल आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमचा असतो. गोदावरीकाठचा तो सगळा पट्टा रोपवाटिकांचा, देशभर तिथून झाडं जातात. तिथली हवा बारमाही दमट. जुलैत आपल्याकडे आलेल्या झाडाला फारसा फरक जाणवत नाही, कारण तेव्हा आपलीही हवा ओली असते. कोजागिरीनंतर ती कोरडी होत जाते आणि मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास येते. झाडाला ऊन सोसतं एक वेळ. पानातून जितकं पाणी उडतं तितकं मुळांना वर चढवता येत नाही, तिथे ते हरतं. बुडाला पाणी ओतत राहिलं तर पान वरून करपतंच आणि खालून मूळही सडतं.

हे ध्यानात आल्यावर मी नर्सरीतून आणणं कमी केलं आणि गावात आधीपासून काय उभं आहे ते पाहायला लागले. जुन्या शाळेच्या कुंपणाला लाल-तांबूस पानांची अकॅलिफा होती, वर्षानुवर्षं कोणी पाणी न घातलेली. एका वाड्याच्या चौकात पिवळ्या ठिपक्यांचं माणूसभर उंच क्रोटन होतं. देवळामागे स्नेक प्लांटचं अख्खं बेट होतं. इथले उन्हाळे काढलेल्या झाडाची जात इथे टिकते, एवढं तर नक्की कळतं. त्याच्या फांदीपासून केलेलं रोप पहिल्या मुळापासून आपल्याच हवेत, आपल्याच पाण्यावर वाढतं. मागितली तर फांदी कोणी नाही म्हणत नाही. माझी बाग अशी मागून आणलेल्या फांद्यांची आहे.

आधी मातीचं बोलते. आपली काळी माती कपाशीला सोनं आहे, कुंडीला नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. वावरात त्याने भेगा पडतात. कुंडीत मात्र मातीचा गोळा काठापासून सुटतो आणि वरून घातलेलं पाणी कडेकडेने खाली निघून जातं. तळाच्या भोकातून पाणी आलं म्हणून आपण समाधानी, आणि मधली मुळं कोरडी. मी काळी माती एक वाटा घेते, चाळून, त्यातले चुनखडीचे खडे काढून. एक वाटा जाड रेती, एक वाटा पुरतं कुजलेलं शेणखत आणि एक वाटा पालापाचोळ्याचं खत. हा पाला कडुनिंब, पळस आणि सागाचा, ढिगात सबंध पावसाळा भिजलेला. सोयाबीनचं कुटार कुजवूनही चालतं. अर्धवट कुजलेलं मात्र घालू नये, ते कुंडीत तापतं. मूठभर निंबोळी ढेप. कोकोपीट मिळालं तर चांगलंच, पण त्याच्यावाचून अडत नाही. चुलीची राख मी पानांच्या झाडांना घालत नाही. आपल्या मातीत चुना मुळातच जास्त, राखेने तो गुण आणखी वाढतो आणि पान पिवळं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही, त्याची ही खूण.

रोपं करायचा काळ म्हणजे मृगाचा पाऊस बसल्यापासून पोळ्यापर्यंत. वर्षातलं मला सगळ्यात आवडतं काम हेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अकॅलिफा आणि कोलियस सगळ्यात सोपे. वीतभर फांदी पेराखाली कापायची, खालची पानं काढायची, ओल्या रेतीत खोचायची. कोलियस तुळशीच्या कुळातला, खोडही तसंच चौकोनी. तो पेल्यातल्या पाण्यातसुद्धा आठवडा-दोन आठवड्यांत मुळं सोडतो. कोलियसला तुरा आला की मी लगेच खुडते, नाहीतर झाडाचा जीव बियांकडे जातो आणि पानांचा भर ओसरतो. मनीप्लांटला पेर महत्त्वाचं. पेरावर जो तपकिरी कोंब दिसतो तिथूनच मूळ फुटतं, नुसत्या देठासकटच्या पानाला मुळं आली तरी त्याची वेल होत नाही. हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. खाली लोंबता ठेवला तर पानं तळहाताएवढी राहतात, खोडावर चढवला की वर जाता जाता ती मोठी होत जातात. न्हाणीमागच्या निंबावर मी एक वेल सोडला आहे. वरची पानं सुपाएवढी झाली आहेत.

क्रोटनची गोष्ट वेगळी. फांदी खोचून ते लागतं, पण आमच्याकडे मला गुटीचीच खात्री वाटते. गुटी म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणायची. वर्षभर जुनी, अंगठ्याहून थोडी बारीक, सरळ फांदी निवडायची. शेंड्यापासून हातभर खाली धारदार पात्याने सालीची इंचभर रुंदीची कडी गोल काढायची. आतलं लाकूड उघडं पडलं की त्यावरचा बुळबुळीत थर पात्याच्या पाठीने खरवडून टाकायचा. हा थर राहिला तर झाड साल परत जुळवून घेतं आणि मूळ येतच नाही. मग भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (शेवाळ) मूठभर त्या जागी बसवायचं, वरून पारदर्शक पन्नी गुंडाळायची आणि दोन्ही टोकं सुतळीने आवळायची. वरचं टोक सैल राहिलं तर पावसाचं पाणी आत जातं, खालचं सैल राहिलं तर मुंग्या घर करतात. मॉस मिळालं नाही तेव्हा मी भिजवलेलं कोकोपीट वापरलं आहे, तेही चालतं. कृषी केंद्रात मुळं फुटायची आयबीए पावडर मिळते. ती सालीच्या वरच्या काठाला लावली तर मुळं दाट येतात.

हे का होतं, ते माहीत असलं की हात नीट चालतो. पानात तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं. कडी काढली की त्याची वाट तिथेच तुटते. पाणी वर नेणारं लाकूड शाबूत असल्याने वरची पानं टवटवीत राहतात, आणि अडलेलं अन्न नि वाढीचं द्रव्य वरच्या काठाशी साचून तिथून मुळं निघतात. महिना-दीड महिन्यात पन्नीतून पांढरी मुळं दिसायला लागतात. ती थोडी तपकिरी होऊन एकमेकांत गुंतली, की गुटीच्या खाली कापायचं. कापल्यावर पानं निम्मी कमी करून रोप आठ-दहा दिवस गर्द सावलीत ठेवायचं. क्रोटनचा चीक पांढरा, कातडीला झोंबतो आणि लुगड्यावर पडला तर डाग जात नाही, म्हणून जुने कपडे आणि हातमोजे.

एक गोष्ट क्रोटनच्या बाबतीत प्रत्येकाला सांगते. जागा बदलली की ते पानं गाळतं. कधी कधी सगळीच. लोक झाड मेलं म्हणून उकिरड्यावर टाकतात. नखाने खोड जरासं खरवडून पाहावं. खाली हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. पाणी बेताने द्यावं आणि वाट पाहावी.

स्नेक प्लांटवरून आमच्या शेजारच्या काकू एकदा फार हिरमुसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडून पिवळ्या किनारीचं एक पान नेलं, तुकडे करून रेतीत लावलं. कोंबही छान आले. पण आले ते साधे हिरवे.

"किनार कुठी गेली वो बाई?"

मी त्यांना बसवून समजावलं. ती पिवळी किनार पानाच्या काठच्या वेगळ्या पेशींची असते. पानाच्या तुकड्यापासून नवा कोंब निघतो तो आतल्या हिरव्या भागातून, त्यामुळे किनार त्याच्यात येत नाही. किनारीचं रोप हवं असेल तर बुडाशी आलेला पिलाच मुळांसकट सुटा करावा लागतो. तो त्यांना दिला, आणि हिरवं रोपही टाकू दिलं नाही. साधं हिरवं स्नेक प्लांट उलट जास्त काटक असतं. ज्या झाडाच्या पानावर पांढरा-पिवळा भाग जास्त, त्याला अन्न करायला हिरवा भाग कमी. ते सावकाश वाढतं आणि त्याला उजेड जास्त लागतो. अशा झाडावर एखादी पूर्ण हिरवी फांदी आली तर मी लगेच कापते. ती जोमाने वाढून बाकीच्यांना मागे टाकते.

पावसाळ्यात केलेली रोपं संक्रांतीपर्यंत चांगली भरतात. हळदीकुंकवाला वाण म्हणून मी आता तीच देते. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा बायकांना ती आवडतात, आणि कोणाकडे कोणतं झाड आहे हे सगळ्यांना माहीत असल्याने पुढच्या पावसात अदलाबदल सुरू होते. थंडीचं आणखी फार सांगण्यासारखं नाही. रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली उतरतो तेव्हा अ‍ॅग्लोनिमा आणि डिफेनबॅकिया भिंतीच्या आत घ्यायचे, पाणी कमी करायचं. कॅलेडियमची पानं झडून जातात. कंद कोरड्या मातीत तसाच निजू द्यायचा, पाऊस आला की तो आपोआप उठतो.

खरी परीक्षा होळीनंतर. छपरीच्या पश्चिमेला आम्ही तुराट्यांचा ताट, म्हणजे कुडासारखा आडोसा, बांधला आहे आणि त्याच्या बाहेरून 75 टक्के सावलीची हिरवी जाळी. जाळी एकटी असली तर ऊन अडतं, पण झळ आत येते. ताटावर दुपारी बारदाना भिजवून टाकला, की आत येणारी हवा ओली होऊन येते. कुंड्या सुट्या ठेवत नाही, एकमेकींना चिकटून ठेवते. मोठी पानं बाहेरच्या रांगेत कधीच नाही. बाहेर स्नेक प्लांट, अकॅलिफा, क्रोटन, आत सिंगोनियम आणि अ‍ॅग्लोनिमा. मातीच्या कुंड्या मोठ्या घमेल्यात ठेवून भोवती रेती भरायची आणि ती रेती ओली ठेवायची. कुंडीत पाणी पहाटेच, दुपारी रेतीवर.

सगळ्यात चांगली जागा मात्र सासूबाईंनी दाखवली. पिण्याच्या पाण्याचा रांजण छपरीच्या कोपऱ्यात असतो, त्याच्या अंगातून पाणी पाझरत राहतं, खालची रेती कायम गार. त्या म्हणाल्या, "तुये ते नाजूक पानं इथी ठेव ना. इथी तर मी कोथिंबीर बी ठेवतो."

तेव्हापासून अ‍ॅग्लोनिमाची कुंडी रांजणाला टेकून असते, आणि नवतपातही तिचं नवीन पान उलगडतं. कूलरसमोर झाड ठेवायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. हवा थंड असते, पण सोसाट्याने लागते. पानाच्या कडा फाटतात. कूलरच्या बाजूला, झोताबाहेर ठेवलं तर ओलाव्याचा फायदा मिळतो.

क्रोटनला सगळं ऊन तोडायचं नसतं. त्याचा लाल-पिवळा रंग उजेडावरच येतो, गर्द सावलीत नवी पानं हिरवीच निघतात. सकाळी नऊपर्यंतचं ऊन त्याला मी मे महिन्यातही देते. एप्रिलमध्ये क्रोटनच्या पानाखाली बारीक जाळी आणि पानावर फिक्कट ठिपके दिसले तर तो लाल कोळी. कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो. पानाच्या खालच्या बाजूला जोराने पाणी मारलं, दर दोन-तीन दिवसांनी, तर बहुतेक वेळा औषध लागत नाही. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याला साबणाचं पाणी लावून पुसून काढते आणि निंबोळी अर्क फवारते. कपाशीवर याच जातकुळीच्या किडीने काय केलं ते इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. सांदवाडीतलं गाजरगवत उपटून टाकते, कारण कपाशीवरचा पिठ्या ढेकूण त्यावरही राहतो.

बोअरच्या पाण्याचा जाच उन्हाळ्यात जास्त दिसतो. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं, पानावर पांढरे डाग. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कितीतरी गावांत पाण्यात फ्लोराईडही आहे, आणि ड्रेसिना नि स्पायडर प्लांट यांना ते अजिबात सोसत नाही. पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतात. असं दिसलं की लोक आणखी खत घालतात. त्यातही सुपर फॉस्फेट घातलं तर त्रास वाढतो, कारण त्यात स्वतःचं फ्लोराईड असतं. मी टिनावरून उतरणारं पावसाचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये धरून ठेवते आणि ते फक्त या दोन झाडांना नि पानं पुसायला वापरते. ड्रमचं झाकण घट्ट हवं, नाहीतर डासांची पैदास होते. बाकीच्या कुंड्यांना थंडीत एकदा आणि पावसाच्या आधी एकदा भरपूर पाणी घालून साचलेला क्षार तळातून वाहून जाऊ देते. पान चमकावं म्हणून खोबरेल तेल किंवा दूध लावू नये. पानाची छिद्रं बुजतात आणि रस्त्यावरची धूळ त्यावर बसून राहते. ओल्या फडक्याने पुसलेलं पान पुरेसं चमकतं.

नर्सरीत हल्ली प्रत्येक कुंडीवर "ऑक्सिजन प्लांट" लिहिलेलं असतं. 1989 मध्ये नासाने बंद पेट्यांमध्ये प्रयोग केले होते, त्यावरून हे सुरू झालं. 2019 मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा दिसलं, की घरातल्या हवेवर खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याइतका परिणाम व्हायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. आपली घरं तशीच मोकळी, वारा खेळता. तेव्हा हवा शुद्ध होईल म्हणून कोणी पैसे घालू नयेत, डोळ्यांना गार वाटतं म्हणून घालावेत. आणि डिफेनबॅकिया घरात रांगतं मूल असेल तर आणूच नये. त्याच्या पानात, खोडात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. चावलं तर तोंड भाजल्यासारखं होतं, जीभ सुजते. आमच्याकडचं डिफेनबॅकिया उंच फळीवर असतं, बकरीच्या आणि पोट्ट्यांच्या तोंडाला लागणार नाही असं.

यंदा वैशाखात गल्लीतल्या मुलीचं लग्न होतं. मांडवाला फुलांच्या माळा सकाळी लावल्या की दुपारी सुकतात, म्हणून तिच्या आईने आदल्या दिवशी येऊन कुंड्या मागितल्या. क्रोटन, अकॅलिफा आणि स्नेक प्लांट दिले. अ‍ॅग्लोनिमा दिला नाही, तसं सांगितलंही. मोठी क्रोटनं बोहल्याच्या दोन्ही बाजूंना, स्नेक प्लांट वाटेला ओळीने, अकॅलिफाच्या कापलेल्या फांद्या पाण्याच्या कळशांत. कुंड्यांना पाणी पाजायचं काम मुलीच्या धाकट्या भावाने केलं. वरात गेल्यावर सगळ्या कुंड्या परत आल्या. एका क्रोटनची खालची पानं गळली होती, बाकीच्यांना काही झालं नव्हतं.

नवरीची अमरावतीची मावशी जाताना छपरीत येऊन बसली. बोहल्याशेजारचं क्रोटन तिला हवं होतं, पैसे द्यायलाही तयार होती. ते झाड मी दिलं नाही. त्याच्या दोन फांद्या मात्र तिला दाखवल्या, गुटीजोग्या.

"मग कधी येऊ वो?" तिने विचारलं.

माझ्याआधी सासूबाईच बोलल्या, "पोया झाल्यावर ये. आन् येतानी तुयाकडली कोणती तरी फांदी घेऊन येजो."